लाइनवर आलात तर बोला

भानुमती सबनीस सरकारच्या गुप्तहेर आहेत, ही बातमी टॉवर तीनमध्ये लिफ्ट चालू होण्याच्याही आधी पसरली होती. पुरावेही भक्कम होते. इंटरनेटचा सर्व्हर ज्या खोलीत होता तिथे त्या दिवसभर बसायच्या. चौथ्या मजल्यावर कुणी नवऱ्याशी अबोला धरलाय, सहाव्यावरच्या कुणाचा अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेलाय, नवव्यावर कुणाचं नव्या नोकरीत मन लागत नाही, सगळं त्यांना माहीत. शिवाय अर्धं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेलं, आणि बोलता बोलता हात डाव्या कानामागे. पुढे लिफ्ट चालू झाल्यावर मिसेस बत्रा तिच्यात आवाज खाली आणून सांगायच्या, "ओ जी, कान के अंदर मशीन है. सीधी लाइन. ऊपर तक." आणि एक बोट लिफ्टच्या छताकडे.

यातलं एक्स्चेंज तेवढं खरं. कानात मशीन नव्हतं. वर्षानुवर्षं हेडफोन लावून कानामागे घट्टा पडला होता, तो खाजायचा. आणि सगळ्यांचं सगळं माहीत असण्याचं कारण एवढंच होतं, की काकू विचारायच्या. तोंडावर. लिफ्टमध्ये, गेटवर, भाजीच्या गाड्यापाशी, माणूस दिसला की प्रश्न.

"काय गं, डोळे सुजलेत. रडलीस की कांदा?"

"क्यों जी, प्रमोशन नहीं हुआ ना? चाल से पता चलता है."

आणि लोक सांगून टाकायचे. इतक्या उघड विचारणाऱ्या बाईसमोर खोटं बोलायला फार मेहनत पडते.

गुडगाव तेव्हा नवं नवं उगवत होतं. टॉवरच्या एका बाजूला काचेची कंपनी, दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत, आणि शेतातली म्हैस काचेत स्वतःला बघत उभी. काकू रिटायर होऊन मुलाकडे राहायला आल्या, आणि वर्षभरात मुलगाच सिंगापूरला गेला. मागे राहिला फ्लॅट, आणि फ्लॅटमध्ये एका जागी बसता न येणाऱ्या काकू. त्याच सुमाराला सतबीर केबलवाल्याने टीव्हीच्या जोडीला इंटरनेट आणलं. निळी वायर बाल्कनीतून बाल्कनीत, कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीवरून, कुणाच्या तुळशीखालून गेली. तक्रारीचा फोन आधी सतबीर स्वतः घ्यायचा. "बंद सै? तो बंद सै. चालू हो ज्यागा." गिऱ्हाइकं भडकायची. मग त्याने काकूंना बसवलं. दुसऱ्या दिवसापासून आख्ख्या टॉवरला नवा आवाज ऐकू यायला लागला: "इंटरनेट कंप्लेंट, नमस्काऽऽर. फ्लॅट नंबर प्लीऽऽज?"

खोली तळमजल्यावर, मीटरच्या शेजारी. आत सर्व्हर घोंघावत असायचा आणि त्याच्यावर एक मॉनिटर. लाइन अडकली तर कोणत्या फ्लॅटमुळे अडकली हे कळावं म्हणून सतबीरने तो सतत चालू ठेवलेला. त्याच्यावर हिरव्या अक्षरांत फ्लॅटचा नंबर, आणि त्या क्षणी तो फ्लॅट इंटरनेटवर काय बघतोय त्याचा पत्ता. ओळीखाली ओळ, पळत वर सरकणारी. पहिल्या दिवशी हे काय आहे ते समजेपर्यंत काकूंनी बघितलं. समजल्यावर उठल्या, वर गेल्या, आपल्या टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल काढून आणला, मॉनिटरवर घातला आणि खुर्ची उलटी फिरवली.

"आंटी, यो के?" सतबीर.

"ढक्कन," काकू.

त्यांचा हिशोब सरळ होता. विचारलं, की सांगायचं की नाही हे समोरच्याच्या हातात राहतं. चोरून बघितलं, तर त्याच्या हातात काय उरलं? एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून दिला की ऑपरेटरने लाइनमधून बाहेर पडायचं. तीन मिनिटं झाली की परत यायचं, पण येताना बोलत यायचं: "थ्री मिनिट्स ओव्हर, एक्स्टेंड करूँ?" म्हणजे दोन्हीकडच्या माणसांना कळतं, आता मध्ये तिसरं कुणीतरी आहे. न बोलता लाइनवर थांबलेल्या ऑपरेटरला बाकीच्या बायका डब्याला सोबत बसवून घेत नसत. आणीबाणीत एका सुपरवायझरने काकूंना हळूच सांगितलं होतं, अमुक नंबरचे कॉल जरा ऐकत जा आणि मला सांगत जा. काकूंनी दुसऱ्याच दिवसापासून डाव्या कानाने ऐकू येत नसल्याची तक्रार सुरू केली. त्यांना उचलून बिलांच्या खिडकीवर टाकलं. तिथे दोन वर्षं लोकांच्या शिव्या त्यांनी दोन्ही कानांनी व्यवस्थित ऐकल्या.

तर अशा बाईच्या खोलीत एका सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी बत्रासाहेब आले. पोट आधी आलं, मागून बत्रासाहेब.

"आंटीजी, ये स्क्रीन कमेटी रूम में शिफ्ट होगी. शाम को एक-एक मेंबर ड्यूटी पे बैठेगा. देखेगा कौन क्या देखता है."

"कशाला?... मतलब, क्यों?"

"सिक्योरिटी जी! सुना है किसी सोसायटी में पुलिस आई थी, पूछ रही थी किस फ्लॅट से कौन-सी ईमेल गई. अब ऑर्डर आने वाला है सबके लिए."

"आया है?"

"आया नहीं है. आएगा."

"तो आने दीजिए ना."

"आंटीजी!" बत्रासाहेबांनी लहान मुलीला समजवावं तसा सूर लावला. "ऑर्डर आने के बाद तो सब मानते हैं. आने से पहले मानो, इसको कहते हैं अच्छा नागरिक."

दुपारपर्यंत लिफ्टमध्ये नोटीस लागली: दोन रविवारांनी मीटिंग. आणि संध्याकाळी, काकू खोली बंद करत असताना, सातव्या मजल्यावरची रेवती पोंक्षे दारात येऊन उभी राहिली. पुण्याहून लग्न होऊन आलेली. नवरा राघव एका कॉल सेंटरमध्ये मॅनेजर, दिवसा झोपायचा. सासरे सूर्यकांत पोंक्षे बँकेतून रिटायर झालेले, कमिटीचे खजिनदार.

"काकू, एक विचारू?"

"विचार की. मी कधी कोणाची परवानगी घेते का?"

रेवती हसली नाही. "त्या पडद्यावर आमच्या फ्लॅटचं पण येतं?"

"सगळ्यांचं येतं."

"म्हणजे मी काय बघते ते तुम्हाला दिसतं."

"दिसू शकतं म्हण. पाठ आहे बघ माझी तिकडे."

रेवती स्टुलावर बसली, लगेच उठली, दार लोटून घेतलं, परत बसली. "काकू, मला जायचंय इथून. पुण्याला, कायमचं. नोकरी शोधतेय, खोली शोधतेय. एका वकीलबाईंशी मेलवर बोलणं चाललंय. घरात कोणालाच माहीत नाही. सगळं नक्की झालं की मी स्वतः सांगणार आहे, समोर बसून. लपून पळून नाही जायचंय मला. पण त्याआधी बाबांनी तिथे बसून वाचलं ना, तर मला एक वाक्यसुद्धा नीट बोलू देणार नाहीत. कंप्युटर काढून घेतील, माझ्या भावाला बोलावून घेतील, सगळे मिळून माझ्यासाठी ठरवूनच टाकतील."

काकूंच्या घशापर्यंत प्रश्न आले. का? राघव मारतो? दुसरं कुणी आहे? तुझं की त्याचं? सासू? एकेक प्रश्न दातांवर येऊन टकटक करत होता. डाव्या कानामागे जोरात खाज सुटली. काकूंनी खाजवलं आणि विचारलं, "चहा घेतेस?"

आख्ख्या टॉवरमध्ये भानुमतीकाकूंनी कुणाला तरी काही विचारलं नाही, असं हे पहिल्यांदा घडलं.

त्यानंतर त्यांना चैन म्हणून नाही. खोलीत बसल्या की बाहेर, बाहेर आल्या की गेटवर, गेटवरून परत खोलीत. वॉचमन म्हणाला, "आंटी, कुछ खो गया?" फोनवर कुणी सांगितलं इंटरनेट चालत नाही, तर "चलेगा, चलेगा" म्हणून दाणकन ठेवून दिला. दोन वेळा सातव्या मजल्याचं बटण दाबून वर गेल्या आणि लिफ्टमधून पाऊल बाहेर न टाकता खाली आल्या. शेवटी बुधवारी सकाळी पर्स उचलली आणि निघाल्या करोल बागेला. चार्टर्ड बसने धौला कुआँ, तिथून रिक्षा. बत्रासाहेबांचं गाड्यांच्या सामानाचं दुकान तिथे होतं. माणसाला त्याच्या दुकानात गाठलं की तो जरा मऊ असतो, असा काकूंचा अंदाज.

अंदाज चुकला. बत्रासाहेब एका गिऱ्हाइकाला हॉर्न वाजवून दाखवत होते.

"बत्राजी, स्क्रीन वाली बात..."

पोंऽऽऽ.

"लोगों की अपनी-अपनी बातें होती हैं..."

पीं पीं पीं.

"सुन रहे हो क्या?"

"ओ आंटीजी, सुन रहा हूँ. एक ही बात है. जिसने कुछ किया नहीं, उसे डर काहे का?" आणि गिऱ्हाइकाकडे वळून, "ये वाला लो जी, ट्रक भी साइड देगा."

काकूंचं डोकं सणकलं. इतके दिवस दाबून ठेवलेले सगळे प्रश्न एकदम सुटले आणि त्यातला नको तो पुढे आला. भर दुकानात, गिऱ्हाईक, नोकर, चहावाला सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात: "बत्राजी, आप बालों को रंग घर पे लगाते हो या पार्लर में?"

हॉर्न थांबला. चहावाल्याने ग्लास खाली ठेवला. सगळ्यांच्या नजरा बत्रासाहेबांच्या डोक्यावर, जिथे काळाभोर रंग कानाजवळ थोडा तपकिरी पडला होता.

"ये... ये कोई पूछने की बात है?"

"आपने कुछ किया नहीं तो डर काहे का?"

बोलताना काकूंना फार मजा आली. रिक्षात बसेपर्यंत आली. धौला कुआँपर्यंत मात्र त्यांच्या लक्षात आलं होतं की आपण घाण करून ठेवली. झालंही तसंच. संध्याकाळी नोटीस बदलली: मीटिंग याच रविवारी. खाली नवीन ओळ: इंटरनेट रूममधल्या स्टाफच्या वागणुकीवरही चर्चा होईल. मिसेस बत्रा लिफ्टमध्ये: "मैंने कहा था ना? सब जानती है. बाल तक का पता है!"

रेवतीला हवे होते आणखी काही आठवडे. काकूंनी त्यातला एक स्वतःच्या हौसेपायी खाल्ला.

बिल्डरने कबूल केलेला स्विमिंग पूल म्हणजे तेव्हा निळा रंग दिलेला कोरडा खड्डा होता. मीटिंग त्याच्या काठावर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. बत्रासाहेब डोक्यावर टोपी घालून आले. वीज गेली, जनरेटर लागला, माइक शिटी मारायला लागला. सूर्यकांत पोंक्षे पहिल्या रांगेत.

"माझा पूर्ण सपोर्ट आहे. मेरा पूरा सपोर्ट है," पोंक्षे उभे राहून म्हणाले. बँकेत शिपायाला हाक मारावी तसा आवाज. "मैं रोज बैठने को तैयार. रिटायर्ड आदमी हूँ, नजर अभी तेज है. घर की इज्जत घर में रहनी चाहिए."

रेवती मागच्या रांगेत होती. तिने खुर्चीचा हात धरला तो सोडला नाही. काकू उभ्या होत्या, खड्ड्याच्या काठाने इकडून तिकडे, तिकडून इकडे. कुणीतरी म्हणालं, "आंटीजी, गिर जाओगी." हात वर करायला सांगितले, भराभर वर गेले. अर्ध्या लोकांचे घरी जायची घाई म्हणून वर गेले. ठराव पास.

"मंजूर," काकू थांबून म्हणाल्या. बत्रासाहेबांनी तर भांडणाची तयारी करून आणली होती, ती हातातच राहिली. "मेरा झगड़ा नहीं है. बाल वाली बात के लिए सॉरी भी. बस एक्स्चेंज का एक कायदा रख लो. जो भी स्क्रीन पे बैठे, फ्लॅट का देखने से पहले उस फ्लॅट को इंटरकॉम करे. नाम बताए, और बोले कि मैं देख रहा हूँ. लाइन पे आए हो, तो बोलो. इतना तो मॅनर्स है."

"बस इतना?" बत्रासाहेब.

"इतना. हर फ्लॅट को, बिना छोड़े. फोन मैं जोड़ के दूँगी. जोड़ने के बाद मैं लाइन में नहीं."

बत्रासाहेबांनी माफीवर खूश होऊन हात पसरले. "ओ, मॅनर्स तो होने ही चाहिए जी! लिखो, लिखो." लिहिलं गेलं. कुणी विचार केला नाही, कारण मॅनर्सवर विचार कोण करतो?

मीटिंगहून खोलीकडे जाताना, हे सगळं आज जी मुलगी लिहिते आहे, टॉवरमधलीच, सगळ्यांचे आवाज काढून नकला करणारी, तिने काकूंशी पैज मारली. तिचं म्हणणं, आता काही खरं नाही. या लोकांना फोन करायला लाज थोडीच वाटणार, महिनाभर बसतील. काकू म्हणाल्या, "दुसऱ्या संध्याकाळी उठतील." काय लावायचं? काकू म्हणाल्या, "हरलीस तर मी विचारीन त्याचं खरं उत्तर द्यायचं. एकच प्रश्न." मुलगी आवाज काढण्यात हुशार असली तरी हिशोबात कच्ची होती. हो म्हणाली.

पहिल्या संध्याकाळी ड्यूटीवर बत्रासाहेब. कमिटी रूममध्ये मॉनिटर उघडा, हिरव्या ओळी पळतायत, शेजारी इंटरकॉम आणि काकू, पाठ ताठ, कितीतरी वर्षांनी परत ऑपरेटरच्या खुर्चीवर.

"नंबर प्लीऽऽज?"

"एक सौ एक लगाओ जी." फोन लागला. "नमस्ते जी, बत्रा बोल रहा हूँ. मैं आपका इंटरनेट देख रहा हूँ."

"क्यों?" पलीकडून. "आपके घर नहीं आ रहा?"

पुढचा फोन तिसऱ्या मजल्यावर एका लहान मुलाने घेतला, आणि रिसीव्हरमधून खोलीभर ऐकू आलं: "मम्मीऽ! एक अंकल बोल रहे हैं मैं आपको देख रहा हूँ!" त्यानंतर मम्मी. त्यानंतर पापा. बत्रासाहेबांनी "इंटरनेट, इंटरनेट, भाभीजी, इंटरनेट" असं म्हणत फोन कानापासून लांब धरला. पाचव्या मजल्यावरचे एक आजोबा मात्र आनंदले: "देख रहे हो? शाबाश! तो बताओ बेटा, मेरी मेल क्यों नहीं खुलती? ऊपर आ जाओ." बत्रासाहेब वर गेले ते तासाने उतरले. आणि ज्या ज्या फ्लॅटला फोन जायचा, त्या त्या फ्लॅटची ओळ फोन ठेवेपर्यंत बंद झालेली असायची. पडद्यावर बघायला उरायचं काय? फोन न केलेले फ्लॅट. आणि त्यांना फोन करायचा होता.

दुसऱ्या संध्याकाळी सूर्यकांत पोंक्षे आले. चष्मा पुसला, सरळ मॉनिटरकडे खुर्ची ओढली.

"नंबर प्लीज?"

"थांबा हो. आधी आमच्याच घरचं बघतो. सातशे दोन."

काकूंनी बटणावर बोट ठेवलं. या वेळी रेवती मेल उघडून बसते हे त्यांना तिनेच सांगितलं होतं. "मग फोन जोडते."

"आमच्या घरी फोन कशाला? मी घरचाच माणूस आहे!"

"लाइनवर आलात तर बोला, पोंक्षेसाहेब. लिहिलंय."

"हो हो, कळलं. करतो नंतर." पोंक्षे पुढे वाकले. बोट पडद्यावरून खाली उतरायला लागलं. चारशे काहीतरी, नऊशे काहीतरी, ओळी पळतायत, बोट मागे पडतंय. काकूंनी वाट बघितली नाही. बटण दाबलं, रिसीव्हर पोंक्षेंच्या कानाला लावला, नव्हे चिकटवला.

पलीकडे त्यांच्या बायकोने, इंदुमतीबाईंनी उचलला. आता बोलणं भाग होतं.

"अं... मी सूर्यकांत पोंक्षे बोलतोय. मी आपलं इंटरनेट बघतोय."

मग इंदुमतीबाईंचा आवाज, आतल्या खोलीच्या दिशेने: "रेवतीऽ, हे खालून इंटरनेट बघतायत म्हणे आपलं!" आणि परत फोनमध्ये: "अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? मी दुपारी माझ्या बहिणीला मेल लिहिते, रेवतीने शिकवलंय. ते पण वाचणार का? वाचा. तुमच्याबद्दलच असतं सगळं. तिला सांगू का, आता जरा सांभाळून लिही म्हणून? आणि उद्या तुमची बायको काय लिहिते ते तिथे बसून बत्रा वाचणार, चालेल?"

पोंक्षेंनी पडद्याकडे बघितलं. सातशे दोन कुठेच नव्हतं. पण ते आता सातशे दोन शोधतच नव्हते. उद्या इथे बत्रा बसणार, हे त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. चष्मा काढला, खिशात घातला, परत काढला.

"येताना दही आणा," इंदुमतीबाईंनी फोन ठेवला.

पोंक्षे दही आणायच्या आधी बत्रासाहेबांकडे गेले. बत्रासाहेब तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलाच्या पापांना दुसऱ्यांदा समजावून थकले होते. दोघांचं दारातच एकमत झालं: ऑर्डर आल्यावर बघू. सतबीर येऊन मॉनिटर परत घेऊन गेला आणि काकूंच्या सांगण्यावरून पुन्हा जोडलाच नाही. "लाइन अटकेगी तो बेरा क्यूकर पाटेगा?" कळणार कसं, म्हणून तो कुरकुरला. "मैं पूछ लूँगी," काकू म्हणाल्या.

रेवतीने काही आठवड्यांनी जेवणाच्या टेबलावर, सगळे समोर असताना, स्वतःच्या तोंडाने सांगितलं. बराच आवाज झाला. ती मध्येच थांबली नाही. पुण्याला गेल्यावर तिने हे सगळं लिहिणाऱ्या मुलीला फोनवर सांगितलं आणि लिहायला परवानगी दिली. मजला आणि फ्लॅटचा नंबर बदलायचा, या अटीवर. बदललाय.

पैजेचं म्हणाल तर ती दुसऱ्याच संध्याकाळी वसूल झाली. काकू पायऱ्यांवर बसल्या, मुलीला शेजारी बसवलं आणि तिला आजवर कोणीही विचारलं नव्हतं ते विचारलं. काय, ते इथे सांगायचं की नाही हे मुलीच्या हातात; ती सांगत नाही. पळायला जागा नव्हती. मुलीने खरं सांगितलं, अगदी शेवटापर्यंत, कोणाचाही आवाज न काढता. काकूंनी हनुवटीवर हात ठेवून पूर्ण ऐकलं.

"बस? एवढंच?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं काहीतरी असेल."